एकविसाव्या वर्षी आधार संपतो, डिग्री संपत नाही

निशिगंध:
मी एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम बघते. दिवाळीच्या सुट्टीत मेस बंद होते आणि खोल्यांना कुलपं लागतात. यंदा चावी जमा करायच्या रांगेत एक मुलगी मागच्यांना पुढे सोडत सोडत सगळ्यात शेवटी आली. बॅग भरलेली होती. "कुठे निघालीस गं?" म्हटलं, तर "बघते मॅडम" म्हणाली. ती बालगृहात वाढली. पुढे दोन वर्षं प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्या दुसऱ्या घरी होती, अठरा पूर्ण झाली आणि तेही संपलं. जायला घर नाही हे तिनं दोन वर्षांत कुणाला कळू दिलं नव्हतं.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरानंतर संस्था सोडणाऱ्यांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे पायावर उभं राहीपर्यंतच्या मदतीची तरतूद आहे, पण ती २१ पर्यंत. फारच अपवाद म्हणून २३. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी महिन्याला ४,००० रुपये धरलेत. आता इंजिनिअरिंगची चार वर्षं धरा, एमबीबीएसची इंटर्नशिपसकट साडेपाच. या मुलांची शाळा मध्येच बदलते, एखादं वर्ष वाया जातं. म्हणजे ऐन शेवटच्या वर्षात हात सुटतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ही मदत वय बघून थांबवू नये, हाती घेतलेली पदवी पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावी.

रोखठोक७२:
तुमची कळकळ पोचली, तरी पटलं नाही. अनाथ मुलांना राज्यात २०१८ पासून १ टक्का समांतर आरक्षण आहे. त्यावर आणखी किती? शेतमजुराचा मुलगाही उसने पैसे घेऊन शिकतो, त्याला वयाच्या पंचविशीपर्यंत कोण पोसतं? गरिबी हा एकच निकष ठेवा आणि सगळ्यांना सारखं द्या.

निशिगंध:
शेतमजुराच्या मुलाचे हाल मी रोज बघते, त्यालाही मिळायलाच हवं. पण सुट्टी लागली की तो गावी जातो. तापानं फणफणला तर घरचं कुणीतरी एसटीनं येऊन त्याला घेऊन जातं. आणि आरक्षणानं प्रवेश मिळतो, पुढची चार वर्षं राहायचं कुठे हा प्रश्न तसाच राहतो.

दुसरं म्हणजे ते आरक्षण आईवडील दोघेही नसतील तरच. या मुलीची आई हयात आहे, मनोरुग्णालयात. त्यामुळे अनाथ प्रमाणपत्र नाही, आणि घरही नाही. संस्थांमध्ये अशी कितीतरी मुलं असतात.

अनुरक्षित:
मी स्वतः संस्थेत वाढलो, म्हणून लिहितो. मदत हवी, पण ती देताना आमचा बोभाटा करू नका. पहिल्या वर्षी फॉर्मवर 'पालकाची सही' या रकान्यात मी रेघ मारली होती. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म परत सरकवला आणि मोठ्यानं विचारलं, "वडील नाहीत तर आईची सही आण ना!" मागे पंधरा-वीस मुलं उभी होती. मी फॉर्म घेऊन बाहेर आलो तो तीन दिवस परत गेलोच नाही. संस्थेच्या अधीक्षकांची सही चालते हे कुणी सांगितलं असतं तर तेवढ्यावर भागलं असतं.

तळटीप:
मी उलट बाजूनं बोलते. जिल्ह्यातल्या बालगृहांत शिकवायला जाते, तिथली खरी गळती दहावीच्या आधीच आहे. सातवीतल्या मुलाला धड वाचता येत नाही आणि आपण पदवीच्या शेवटच्या वर्षाबद्दल भांडतोय. पैसा मोजकाच असेल तर तो आधी तिथे जावा. कॉलेजपर्यंत पोचलेली मुलं मुळात जिद्दीची असतात, ती काहीतरी मार्ग काढतात.

अनुरक्षित:
ताई, मार्ग काढतात म्हणजे काय करतात ते सांगू? रात्री वॉचमनची नोकरी, सकाळच्या प्रॅक्टिकलला गैरहजेरी, मग एटीकेटी. मीही हेच केलं. आणि सातवीतल्या मुलानं अभ्यास करावा कशासाठी? आमच्या संस्थेतून कॉलेजला गेलेला एकही दादा आम्ही पाहिला नव्हता. मी पास झालो त्या वर्षी धाकट्यांपैकी दोघांनी फॉर्म भरले. ही दोन कामं वेगळी काढू नका.

तळटीप:
दादाचा मुद्दा खरा आहे, तो माझ्या लक्षात आला नव्हता. तरी पैशाचा क्रम मी बदलणार नाही.

वाटसरू:
इंग्लंडमध्ये कॉलेजच्या प्रवेशअर्जातच एक ऐच्छिक प्रश्न असतो, 'तुम्ही संगोपन व्यवस्थेत (म्हणजे बालगृहात किंवा प्रतिपालक कुटुंबात) वाढलात का?' ज्याला सांगायचं तो सांगतो. आणि २०१७ च्या कायद्यानं अशा मुलांना पंचविशीपर्यंत हक्काचा एक सल्लागार मागता येतो. बोभाटा टाळून मदत करता येते, ती अशी.

रोखठोक७२:
वयाची अट काढायला माझा विरोध कायम. सरकारी पैशाला कुठेतरी शेवट हवाच. पण सुट्टीत वसतिगृह उघडं ठेवायला काय लागतं? दोन खोल्या, एक पहारेकरी. हे तर कॉलेजच्या हातात आहे, त्याला माझा पाठिंबा धरा.

निशिगंध:
धरला! दिवाळीत ती माझ्याच घरी राहिली, पण ही काही व्यवस्था नव्हे. उन्हाळ्यासाठी दोन खोल्या उघड्या ठेवाव्यात असा अर्ज मी प्राचार्यांकडे दिलाय. त्यात एकाही मुलीचं नाव घातलेलं नाही, 'सुट्टीत राहण्याची गरज असलेल्या विद्यार्थिनी' एवढंच लिहिलंय. वयाच्या अटीवर मात्र मी तुमच्याशी पुन्हा भांडणार आहे.