मदत हवी आहे: स्लो कुकरमधले बेक्ड बीन्स, दाणा शिजत नाही आणि धुराचा वासही येत नाही

रांदचीकूड (फोंडा)

नमस्कार मंडळी,

नणंद कॅनडात असते. तिच्याकडे खाल्लेले गोडसर, धुरकट बेक्ड बीन्स डोक्यातून जात नाहीत. डब्यातले लाल टोमॅटोवाले नव्हेत. हे काळपट, रस दाण्याला धरून राहिलेला, आणि घास गिळल्यावर मागून लाकडाच्या धुराचा वास. तिची रीत सोपी वाटली: छोटे पांढरे बीन्स रात्रभर भिजवायचे, सकाळी त्यात मोलॅसिस (उसाची काळी, घट्ट काकवी), मोहरीची पूड, कांदा, थोडा टोमॅटो आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा घालून स्लो कुकर लावून द्यायचा.

इथे मोलॅसिसच्या जागी माडाचा काळा गूळ घेतला, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला. बीन्स म्हणून वाण्याकडचा पांढरा राजमा. व्हिनेगरही माडाचंच. मांस नाही, कारण सासूबाई आणि जाऊबाई खात नाहीत. सकाळी सगळं एकदम घालून 'लो'वर लावलं, दिवेलागणीला उघडलं. चव चांगली, पण दाणा कचकचीत. रस पळीवाढ्या आमटीइतका पातळ. मग 'हाय'वर आणखी ठेवून पाहिलं, दाणा ढिम्म. धूर तर नावालाही नाही.

रविवारी घरी दहा-बारा माणसं आहेत, पोई (गोव्याचा पाव) सांगून ठेवलीय. कुकरमध्ये दोष आहे की रीत चुकतेय?

कुळागरकार

राजमा कधीचा आहे? पावसाळा काढलेलं कडधान्य असेल तर विसरा. दमट, उबदार हवेत साठवलेला दाणा आतून असा घट्ट होतो की मग तासन्‌तास शिजवूनही मऊ पडत नाही. आमच्याकडे जुने अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) या एका कारणाने गुरांच्या वाट्याला जातात. ज्या दुकानात माल लवकर खपतो तिथून घ्या.

चिमूटभर_मीठ

कुकर ठीक असावा. अडचण क्रमाची आहे, ताई.

दाण्याच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना धरून असतात. ते पेक्टिन सैल झालं की दाणा मऊ. आंबट पदार्थ ते सैल होऊ देत नाहीत, कॅल्शियम उलट घट्ट करतं, आणि साखरेनेही दाणा फुगायला वेळ लागतो. तुम्ही गूळ, टोमॅटो आणि व्हिनेगर तिन्ही पहिल्यापासून घातलंत. मोलॅसिसमध्येही कॅल्शियम भरपूर असतं. अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीत बीन्स आधी उकळून घेत आणि मग मोलॅसिस घालून मातीच्या भांड्यात दिवसभर भट्टीत ठेवत. दाणा आधीच शिजलेला, मग मोलॅसिसमुळे तो फुटत नसे, अख्खा राहत असे. म्हणजे तुम्हाला जे नडलं तेच दुसऱ्या टप्प्यात कामाला येतं.

असं करा. अर्धा किलो राजमा भरपूर पाण्यात दोन चमचे मीठ घालून रात्रभर भिजवा. मिठाने दाणा कडक होतो असं घरोघरी सांगतात, पण भिजवणीच्या पाण्यातलं मीठ साल मऊच करतं. पाणी बोअरचं, जड असेल तर पाव चमचा खायचा सोडाही घाला. सकाळी ते पाणी फेकून ताज्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मग प्रेशर कुकरला लावा. किती शिट्ट्या ते दाण्यावर आहे. बोटांनी दाबला की पिठासारखा मोडला पाहिजे, पण अख्खा दिसला पाहिजे. मगच स्लो कुकर, गूळ, आंबट.

पाणी दाण्यांच्या जेमतेम वर. झाकण बंद असलं की यात वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे घातलेलं पाणी तसंच राहतं. शेवटी झाकण काढून 'हाय'वर तासभर आटवा आणि मूठभर दाणे पळीने ठेचून त्यातच ढवळा.

हिरवी_वेलची

वरच्या प्रतिसादातली उकळायची पायरी कृपया कुणी गाळू नका, विशेषतः लाल राजमा घेणार असाल तर. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, लालमध्ये सर्वांत जास्त, पांढऱ्यात कमी. खळखळून उकळल्याने ते मोडतं. पण स्लो कुकर 'लो'वर कधीकधी उकळीपर्यंत जातच नाही आणि ८० अंशांच्या आसपास रेंगाळलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या सुरू होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला तर किमान ५ तास भिजवून, ते पाणी टाकून, ३० मिनिटं उकळण्याचा आहे. कचकचीत दाणे पुन्हा गरम करून कुणाला वाढू नका, टाकून द्या.

माडाखालचा_माणूस (मडगाव)

इतका खटाटोप? अळसांद्यांचं तोणाक (नारळाच्या वाटणाची उसळ) करा, पाहुणे बोटं चाटतील.

बरं, करायचंच असेल तर आमच्याकडे फेजोआदला (राजम्याचा गोंयकार रस्सा) चोरीस (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) घालतात तसे अर्ध्या बीन्समध्ये घाला. धूर, तिखट, चरबी सगळं त्यातच आहे. फक्त चोरीसमध्ये शिर्को (व्हिनेगर) मुरलेला असतो, म्हणून तेही दाणा शिजल्यावरच. फेजोआदचा राजमा वेगळा उकडून घेतात तो उगाच नव्हे. सासूबाईंचं भांडं मात्र आधी वेगळं काढा, आणि पळीसुद्धा.

रांदचीकूड

सगळ्यांचे आभार, विशेषतः चिमूटभर यांचे. तो राजमा टाकला. तोणाक आमच्याकडे आठवड्याला होतंच हो काका, म्हणूनच दुसरं काहीतरी हवंय :)

चोरीसची युक्ती अर्ध्या भांड्यासाठी पक्की. पण शाकाहारी अर्ध्याला धूर कुठून आणू? इथल्या दुकानात स्मोक्ड पापरिका मिळाली नाही. खोलाची मिरची आहे घरात.

कुळागरकार

खोलाची मिरची रंगाला आणि चवीला उत्तम, पण ती उन्हात वाळवलेली असते. धूर देणार नाही. नारळाची करवंटी आहे ना?

करवंटीचा तुकडा गॅसवर चिमट्यात धरून लाल निखारा होईतो जाळा. बीन्स एका जाड स्टीलच्या पातेल्यात काढा, मधोमध स्टीलची वाटी ठेवा, वाटीत निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, आणि लगेच घट्ट झाकण. पाच-सात मिनिटं पुरे. जास्त ठेवलं तर कडू होतं. स्लो कुकरच्या सिरॅमिक भांड्यात हा प्रयोग नको, निखारा पडला तर तडा जाईल. आणि हे अगदी शेवटी, वाढायच्या आधी. आधी धूर देऊन मग तासन्‌तास शिजवलं तर वास उडून जातो.

हिरवी_वेलची

+१. बाटलीतला लिक्विड स्मोक मागवायच्या भानगडीत पडू नका, एक थेंब जास्त झाला की औषधासारखा लागतो. (माझं मत. आवडणारेही असतील.)

चिमूटभर_मीठ

अवांतर: बोस्टनला 'बीनटाउन' म्हणतात ते या मोलॅसिसमधल्या बीन्सवरून. १५ जानेवारी १९१९ रोजी तिथे मोलॅसिसची प्रचंड टाकी फुटून रस्त्यावर लोंढा आला आणि २१ माणसं गेली. गूळ जपून हाताळा.

रांदचीकूड

बापरे.

काल रंगीत तालीम केली, थोड्या प्रमाणात. दाणा लोण्यासारखा, साल शाबूत. रस दाट. करवंटीचा धूर घरभर. जाऊबाई विचारत आल्या की चूल कुठे पेटवलीय. एकच तक्रार, जरा खारट झालं. मीठ तर मी मोजूनच घातलं होतं.

माडाखालचा_माणूस (मडगाव)

माडाच्या गुळाला स्वतःची खारट चव असते, उसाच्या गुळासारखा नुसता गोड नसतो तो. मीठ शेवटी, चाखून. चोरीसवाल्या भांड्यात बहुधा लागणारच नाही.

रांदचीकूड

हे लक्षातच आलं नसतं. आता शेवटचा प्रश्न. शनिवारी रात्री लावून झोपायचा विचार आहे. आमच्याकडे पाऊस सुरू झाला की वीज जाते. गेली तर?

हिरवी_वेलची

रात्री नका लावू. झोपेत वीज किती वेळ गेली ते कळत नाही आणि कोमट अन्न तासन्‌तास तसंच बसतं. सकाळी वीज आलेली असली तरी ते टाकूनच द्यावं लागेल. तुमचा दाणा आधीच शिजलेला असणार, त्यामुळे रविवारी सकाळी सातला लावलात तरी दुपारच्या जेवणाला मुरतील. जागेपणी वीज गेली तर सरळ पातेल्यात ओतून गॅसवर, मंद आचेवर. बुडाशी लागू नये म्हणून अधूनमधून ढवळा, गूळ पटकन करपतो.