कॉपीराइट शिकवावा की बेंचवर लढवावा?

मंगळवारपेठ :
माझी भाची एलएलएम झाली, प्रबंध इंटरनेटवरच्या कॉपीराइटवर. प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, सेट, तीही सुटली. तिला प्राध्यापक व्हायचंय. घरात सगळे विरोधात. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं, सहा जिल्ह्यांचं काम दारात आलं, आणि ही वर्गात जाऊन उभी राहणार म्हणते! दोन्ही एकदम जमत नाही. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, आणि वकिलाला शिकवायचं तर दिवसाला तीन तासांची मर्यादा.

माझं मत, तिनं शिकवावंच. गेल्या महिन्यात आमच्या ओळखीतला एक फोटोग्राफर तिच्याकडे आला. त्यानं काढलेले लग्नाचे फोटो एका कार्यालयानं जाहिरातीत लावले होते, त्याला नुकसानभरपाई हवी होती. तिनं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ उघडून दाखवलं. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून फोटो काढला, तर वेगळा करार नसताना पहिला मालक काम सांगणारा. म्हणजे हक्क नवरा-नवरीकडच्यांचा, त्याचा नाही. वीस वर्षं या धंद्यात आहे तो. कोटेशनवर दोन ओळी घातल्या असत्या तर फोटो त्याचे राहिले असते. वकील भेटतो तोवर वेळ गेलेली असते. हे आधी कुणीतरी शिकवायला नको?

सनद९८ :
मंगळवारपेठ, तुमची कळकळ कळते, पण मत पटत नाही. आखाड्यात कधी न उतरलेला वस्ताद पोरांना डाव काय दाखवणार? फेसबुकवरच्या मजकुरासाठी २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम २०१५ मध्ये रद्द झालं ते सर्वोच्च न्यायालयात. कॉपीराइटचंही तेच. सिनेमा शुक्रवारी लागणार, चोरणारा कोण हे कुणालाच माहीत नाही, तेव्हा ‘अशोक कुमार’ या नावानं अज्ञात लोकांविरुद्ध मनाईहुकूम घेतात. तो अर्ज दोन दिवसांत कसा उभा करायचा हे पुस्तकात सापडत नाही. दहा वर्षं कोर्टात काढू दे, मग खुशाल शिकवू दे.

झेरॉक्सवाला :
वकीलसाहेब, मी कायदा शिकल्याला न्हाई, खरं ह्या विषयात माझा जीव अडकल्याला हाय. कॉलेजच्या दारात माझं दुकान. एका प्रकाशकाचा माणूस येऊन केस घालतो म्हणून दम देऊन गेला. दोन रात्री झोप न्हाई. मग एका मॅडमनी समजावलं. दिल्लीत विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर परदेशी प्रकाशकांनी २०१२ ला दावा घातलावता. तिथं विद्यार्थ्यांच्या आणि मास्तरांच्या संघटना दुकानदाराच्या बाजूनं उतरल्या. २०१६ ला हायकोर्टानं सांगितलं, शिकवण्यासाठी लागणाऱ्या पानांच्या प्रती काढायला कलम ५२ मध्ये सूट हाय. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागं घेतला. मॅडमनी हेबी बजावलं की सगळं पुस्तक काढून रॅकवर विकायला ठेवलंस तर ही सूट तुला न्हाई. त्या दिवसापासनं मी तसली कामं परत पाठवतोय. मॅडम कोर्टात कधी गेल्या नव्हत्या, साहेब.

तास२४ :
मी हेच शिकवते, तासिका तत्त्वावर, सहावं वर्ष. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये असतं, ते कागदावर. त्यासाठी अनुदानित, भरलेली जागा लागते. मला घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, तेही सत्र संपल्यावर चार-पाच महिन्यांनी. उन्हाळ्यात काहीच नाही. आणि कॉपीराइट म्हणाल, तर वर्षाला एक पेपर. बाकी वेळ करार कायदा आणि मालमत्ता हस्तांतरण. इंटरनेटवरचं सगळं मी रात्री घरी वाचते, स्वतःच्या पैशानं. विषयावर माझा फार जीव आहे, म्हणूनच भाचीला खरं सांगा.

मंगळवारपेठ :
तास२४, तुमच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते मी तिला वाचून दाखवलं.

सनद९८, तुम्हाला मात्र उत्तर आहे. एएनआय वृत्तसंस्थेनं २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला, बातम्या वापरून यंत्र शिकवलं म्हणून. असा प्रश्न आपल्याकडे नवाच. कोर्टानं मदतीला दोन न्यायमित्र नेमले, एक वकील आणि दुसरे कॉपीराइट शिकवणारे प्राध्यापक अरुल जॉर्ज स्कारिया. पूर्वीचे निकालच नसतात तेव्हा आयुष्यभर त्याच विषयात बुडालेला माणूस लागतो. वकिलाला आज कॉपीराइट, उद्या जमिनीची वाटणी.

सनद९८ :
मानलं. पण ते राष्ट्रीय विधी विद्यापीठातले. आपल्याकडच्या तासिकेवरच्या बाईंना कोण न्यायमित्र नेमणार? तास२४ यांनी लिहिलंय ते वाचून मला वाईट वाटलं, आणि माझं मत आणखी पक्कं झालं.

तास२४ :
नेमणार नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण झेरॉक्सवाल्यांना झोप लागली ती कुणा मॅडममुळेच ना.

मंगळवारपेठ, भाचीला एक सांगा. नेमणूकपत्र हातात आलं की त्यावर ‘पूर्णवेळ’ लिहिलंय का ते आधी बघायचं. तासिकेची नेमणूक असेल आणि तास दिवसाला तीनच्या आत असतील, तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करायचा अर्ज मुळीच देऊ नको म्हणावं. मी दिला होता.