गरम इंजिन पुन्हा चालू होत नाही: पंप बदलण्यापूर्वी काय तपासावे?

पायवाट (धागाकर्ता)

माझी गाडी १४ वर्षांची असून ती पेट्रोलवर चालणारी, इंजेक्टरची आहे. सकाळी ती पहिल्याच सेल्फला चालू होते आणि चालताना कधी झटकाही देत नाही. परंतु तासभर चालवून बंद केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली, की सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरत राहतो, इंजिन मात्र पेट घेत नाही. बॉनेट उघडून पाऊण तास थांबलो, की काही घडलेच नव्हते अशा थाटात ती चालू होते. बॅटरी, प्लग आणि पेट्रोलचा फिल्टर बदलून झाला आहे. गॅरेजमध्ये नेली, की ती शहाण्यासारखी वागते, त्यामुळे मेकॅनिकने हा बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी अजून पाहिलेला नाही. आता पेट्रोलचा पंप बदला, असे मला सांगण्यात आले आहे. तो खर्च करण्यापूर्वी मी स्वतः काय तपासावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दहाबारा_पाना

आपण प्रश्नात दिलेली सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे सेल्फ जोमाने फिरतो, ही. त्यामुळे बॅटरी, तिच्या केबल आणि सेल्फ हे तिन्ही बाजूला पडतात आणि दोनच शक्यता उरतात: एकतर प्लगला ठिणगीसाठी करंट मिळत नाही, किंवा इंजिनला पेट्रोल मिळत नाही (किंवा नको तितके मिळते). यांतले नेमके काय, हे गाडी अडून बसलेली असतानाच कळते. पाऊण तासाने सगळे भाग पुन्हा ठीक होतात आणि त्यानंतर केलेली तपासणी ठीक भागांचीच तपासणी असते. आपल्या मेकॅनिकचे नेमके हेच झाले आहे, त्यात त्यांचा दोष नाही.

दहा-पंधरा मिनिटांनीच त्रास का होतो, तेही समजून घ्या. इंजिन बंद होताच कूलंट फिरायचे थांबते आणि वाराही लागत नाही, परंतु धातूत साठलेली उष्णता कुठेतरी जाणारच. त्यामुळे बॉनेटखालच्या भागांचे तापमान काही काळ उतरण्याऐवजी चढते. उष्णतेने दुबळा झालेला भाग चालत्या गाडीत कसाबसा तग धरतो आणि या चढत्या काळात मान टाकतो.

पुढच्या वेळी गाडी अडली, की सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे पाहा. बऱ्याच गाड्यांत सेल्फ फिरत असताना काटा दोनशेच्या आसपास किंचित उचलला जातो. थंड गाडीत तो उचलला जातो आणि गरम गाडीत शून्यावरच पडून राहतो, असे दिसले, तर माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर (इंजिनचा मुख्य दांडा फिरतो आहे का, हे सांगणाऱ्या सेन्सरवर) जाईल. काही गाड्यांत मात्र काटा एरवीही हलत नाही, म्हणून आधी थंड गाडीत पाहून ठेवावे. गाडीतले आकडे आणि बिघाडाचे कोड दाखवणारा स्वस्तातला स्कॅनर मिळाला, तर त्यावर हाच आकडा अधिक खात्रीने दिसतो.

क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला, की इंजिन फिरते आहे हे ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) कळतच नाही; मग ते करंटही देत नाही, इंजेक्टरही उघडत नाही आणि पंपही दोन-तीन सेकंदांनंतर बंद ठेवते. म्हणूनच अशा गाडीत पंपावर संशय जातो आणि चांगला पंप विनाकारण बदलला जातो. पी ०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटमधल्या बिघाडाचा कोड अशा वेळी स्कॅनरवर मिळू शकतो, परंतु तो मिळाला नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही.

नितळ

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, तरी पंपाला इतक्या लवकर सोडून देऊ नये. किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागून येणारा दोन सेकंदांचा घुर्र आवाज गरम गाडीत येतो का, ते ऐका. आवाज येत असेल, तर सेल्फ न मारता किल्ली तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा. एवढ्याने गाडी चालू झाली, तर पाइपमधला दाब टिकत नसून पेट्रोलची वाफ होत आहे, असे समजावे. दाब असेपर्यंत गरम पेट्रोलही उकळत नाही. पंपातला वाल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळू लागला, की तो दाब बसतो आणि पाइपमध्ये बुडबुडे होतात.

याच्या उलटही घडते. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर चुकीचे सांगू लागला, की इंजिन थंड आहे असे समजून ईसीयू भरमसाट पेट्रोल सोडते. सायलेन्सरपाशी पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. पुष्कळ गाड्यांत असे केल्यावर इंजेक्टर बंद राहतात आणि साचलेले पेट्रोल बाहेर पडते. या सेन्सरचा रोध बऱ्याच गाड्यांत २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो, त्यामुळे साधा मल्टिमीटरही येथे पुरतो.

जुना_सारथी

माझ्या गाडीचेही असेच होते, फक्त गरम झाल्यावर सेल्फ जड फिरतो, कधी नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. हाच उपाय लागू पडेल का?

दहाबारा_पाना

नाही, आपले दुखणे वेगळे आहे. १०० अंशांनी तापलेल्या तांब्याचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे एक्झॉस्टला चिकटून बसवलेला झिजका सेल्फ गरम झाल्यावर हटून बसतो. तरीही सेल्फ उतरवण्यापूर्वी अर्थिंग पाहा. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा ढिली आहे.

काळा_धूर

डिझेलवाल्यांसाठी दोन ओळी. कॉमन रेलच्या गाडीत (जिथे सर्व इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून डिझेल मिळते) गरम डिझेल पातळ होऊन झिजलेल्या इंजेक्टरांच्या रिटर्नमधून (डिझेल परत नेणाऱ्या नळीतून) निसटते आणि सेल्फच्या वेगावर रेलमध्ये पुरेसा दाब तयार होत नाही. चारही रिटर्नना बाटल्या लावून पाहिल्यास कोणती लवकर भरते, म्हणजे कोणता इंजेक्टर झिजला आहे, ते लगेच दिसते.

पायवाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. काल मुद्दाम तासभर गाडी फिरवून बंद केली आणि बारा मिनिटांनी सेल्फ मारला. थंड असताना उचलला जाणारा काटा शून्यावरून हलला नाही. पेट्रोलचा वास नव्हता, किल्ली ऑन केल्यावर पंपाचा आवाज नेहमीप्रमाणे आला आणि ऑन-ऑफ करूनही फरक पडला नाही. क्रँक सेन्सर गिअरबॉक्सच्या तोंडाशी, हात जेमतेम पोहोचेल अशा ठिकाणी सापडला. जाड हातमोजा घालून त्याच्या वायरचा प्लग सोडवला आणि सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावला, तर पडद्यावर वाचनच नाही, सर्किट तुटल्यासारखे. मग ओले फडके पिळून सेन्सरभोवती धरले. चर्र आवाज होऊन वाफ आली आणि तीन-चार मिनिटांत मीटरवर आकडा थरथरत उमटला: ९१०, ९०५, ८९०. प्लग जोडून किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली! नवा सेन्सर मागवला आहे. बसवताना काय काळजी घ्यावी?

दहाबारा_पाना

पाणी न ओतता फडके वापरले, हे चांगले केलेत, तापलेल्या एक्झॉस्टवर गार पाणी पडले, की तडा जाण्याचा धोका असतो. आपल्या सेन्सरला दोनच पिना आहेत म्हणून ही रोधाची चाचणी जमली. तीन पिनांच्या हॉल प्रकारात (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या सेन्सरमध्ये) ती लागू पडत नाही. जुना सेन्सर काढल्यावर त्याच्या चुंबकी टोकाला लोखंडाचा कीस चिकटला आहे का, ते पाहा आणि बसण्याची जागा कोरड्या फडक्याने पुसून घ्या, कारण सेन्सर आणि त्याच्यासमोर फिरणारे दातेरी चाक यांच्यातले अंतर एखाद्या मिलिमीटरचेच असते. त्याची वायर मूळ क्लिपमध्येच अडकवा. क्लिप तुटली असेल, तर वायर एक्झॉस्टपासून दूर बांधा. प्लगजवळचे वायरचे आवरण बोटाने वाकवून पाहा. ते पापडासारखे तुटत असेल, तर नव्या सेन्सरबरोबर तो प्लगही वायरच्या तुकड्यासकट बदलून घ्या.