मदत हवी आहे: युद्धातल्या रक्तस्रावाचे आकडे जुळत नाहीयेत

पारंबी:
लोकहो अर्जंट आहे. परवा सेमिनार, विषय युद्धातल्या जखमींच्या उपचारांवरचं लष्करी संशोधन. एकीकडे लिहिलंय ९१ टक्के मृत्यू रक्तस्रावाने, दुसरीकडे २४ टक्के, तिसरीकडे ८७, आणि म्हणे तिन्ही एकाच रिसर्च पेपरमधले. स्लाइड अडकलीय, खरा आकडा कुठला तेवढं पटकन सांगा.

गाळीव:
कुठला पेपर? कुठलं युद्ध? कशाचे ९१ टक्के? एवढ्यावरून कोण काय सांगणार.

सुभेदार_निवृत्त:
आकडे राहू द्या, टूर्निकेटवर लिहा, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा. मी लष्करी मेडिकलमध्ये नोकरी केलीय, आम्हाला शिकवायचे की हा अगदी शेवटचा उपाय, पाय जाईल. मग बगदादच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये २००६ ला नीट नोंदी ठेवल्या तेव्हा दिसलं की शॉकमध्ये जायच्या (रक्त जाऊन रक्तदाब कोसळायच्या) आधी पट्टा आवळलेले ९० टक्के जगले आणि नंतर आवळलेले १० टक्के. पट्ट्याची दांडी पिरगाळत राहायची रक्त थांबेपर्यंत, माणूस दुखण्याने ओरडतो तरी सैल करायची नाही आणि वेळ लिहून ठेवायची.

रातकिडा:
काका, पट्टा मांडीला बांधाल, पोटात रक्त वाहतंय तिथे काय बांधणार? खरा उपाय होल ब्लड, म्हणजे घटक वेगळे न केलेलं अख्खं रक्त. पहिल्या महायुद्धात १९१७ ला रॉबर्टसन नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने गोठू नये म्हणून सायट्रेट घालून ओ गटाचं रक्त बाटल्यांत साठवून आघाडीजवळ वापरलं होतं, नंतर प्लाझ्मा वेगळा, पेशी वेगळ्या करायची पद्धत आली आणि आता परत अख्ख्या रक्ताकडेच वळलेत.

मीनाक्षी_व:
स्फोटाच्या धक्क्याने मेंदूवर जो परिणाम होतो त्याबद्दल कुणी बोलतच नाही. बाहेरून जखम नाही, पण झोप नाही, विसरायला होतं, घरच्यांना कळत नाही काय झालंय. यावर नक्की लिहा.

पारंबी:
ताई, विषय रक्तस्राव आहे. @गाळीव, इराक-अफगाणिस्तानवाला अमेरिकन पेपर हो, २०१२ चा, त्यावर काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत असतो म्हणून लिहिलं नाही.

गाळीव:
हे आधी लिहायचं ना. तिन्ही बरोबर आहेत, प्रत्येक टक्का वेगळ्या गटाचा आहे. २००१ ते २०११ मधले ४,५९६ मृत्यू तपासले. त्यातले ८७.३ टक्के, म्हणजे ४,०१६, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोचायच्या आधीच गेले. या ४,०१६ पैकी २४.३ टक्के, म्हणजे ९७६, कदाचित वाचू शकले असते. आणि या ९७६ मधले ९०.९ टक्के रक्तस्रावाने गेले. ९१ टक्के सगळ्या मृत्यूंचे नाहीत, स्लाइडवर प्रत्येक आकड्याखाली 'कशाचे' ते लिहा.

रातकिडा:
आणि त्या रक्तस्रावात धडाचा वाटा ६७ टक्के, काख-जांघ-मान १९, हातपाय जेमतेम साडेतेरा. झालं ना सिद्ध, टूर्निकेटने भागत नाही.

सुभेदार_निवृत्त:
असं नाही होत. ही यादी मेलेल्यांची आहे. पट्ट्याने वाचलेला पोरगा यात येणारच नाही. त्याच पेपरात बघा, हातापायाच्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू आधी वर्षाला २३ च्या आसपास होते, सगळ्यांना टूर्निकेट मिळाल्यावर ३-४ वर आले. म्हणून तो साडेतेराचा आकडा लहान दिसतो.

रातकिडा:
हे मान्य. पण उरलेल्या धडाचं काय, तिथे रक्तच लागणार.

झुळूक:
दोघेही हेलिकॉप्टर तासाभरात येणार असं धरून चाललात. युक्रेनमध्ये ड्रोनमुळे जखमीला हलवायलाच कित्येक तास जातात, पट्टा तसाच राहतो आणि नसता गेला असा पाय जातो. दोन तासांच्या आत पट्टा काढून दाबपट्टी चालेल का ते तपासायचं, सहा तास उलटले असतील तर हॉस्पिटलबाहेर हात लावायचा नाही, हेही शिकवायला हवं. आणि ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड, रक्तस्राव कमी करणारं औषध, कसं विसरलात सगळे? २०१० ची चाचणी, ४० देशांतले २०,००० वर रुग्ण, ३ तासांच्या आत दिलं तर मृत्यू कमी, उशिरा दिलं तर रक्तस्रावाने मरायचा धोका उलट वाढतो.

गाळीव:
ते रुग्ण नागरी होते, हे स्लाइडवर लिहा. सैनिकांवरचा अभ्यास वेगळा, अफगाणिस्तानात कॅम्प बॅस्टियन या लष्करी तळावर झालेला, ८९६ जखमींचा, पण तो जुन्या नोंदींवरून केलेला.

पारंबी:
आकड्यांचं कळलं, गाळीव खूप आभार. ते ३ तास हॉस्पिटलमध्ये आल्यापासून धरायचे का?

झुळूक:
नाही, जखम झाल्यापासून.