छिटमहलांची अदलाबदल आणि आपला सीमाप्रश्न : तुलना कितपत योग्य?

खानापूरकर :
नमस्कार. भारत आणि बांगलादेश यांनी ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री छिटमहलांची, म्हणजे एका देशाच्या पण चहूबाजूंनी दुसऱ्या देशाच्या हद्दीत अडकलेल्या भूभागांची, अदलाबदल केली. भारताची १११ छिटमहले बांगलादेशाच्या पोटात होती, तर बांगलादेशाची ५१ आपल्या कूचबिहार भागात होती. त्यासंबंधीचा मूळ करार १९७४ चा, म्हणजे तिथेही ४१ वर्षे गेली. पण अखेरीस प्रश्न सुटला. आमच्या घरात आजोबांच्या वेळचा शेताचा उतारा मराठीत आहे आणि माझ्या नावाचा कन्नडमध्ये, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ अभ्यासाचा नाही. दोन स्वतंत्र देशांना जे साधले ते बेळगाव सीमाभागाच्या वादात महाराष्ट्र आणि कर्नाटक या एकाच देशातल्या दोन राज्यांना साधू नये, याचे कारण आपला कायदेशीर मार्ग अधिक अवघड आहे, हे आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

बेळगाववासी :
कायद्याच्या दृष्टीने परिस्थिती नेमकी उलट आहे. १९५८ च्या नेहरू-नून करारानुसार पश्चिम बंगालमधील बेरूबारीचा भाग पाकिस्तानला (आजचा बांगलादेश तेव्हा त्याचाच भाग होता) द्यायचे ठरले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये असे मत दिले की, देशाचा प्रदेश परक्या देशाला द्यायचा असेल तर घटनादुरुस्तीच करावी लागेल. म्हणूनच २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. राज्याराज्यांतील सीमा बदलण्यासाठी मात्र घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसदेचा साध्या बहुमताने केलेला कायदा पुरतो. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक यावे लागते आणि संबंधित विधानसभांचे मत मागवावे लागते, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते. अडचण आहे ती इच्छाशक्तीची. ढाका आणि दिल्ली एकमेकांशी बोलत होत्या. इथे सीमाप्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल कर्नाटकाने स्वीकारला, महाराष्ट्राने फेटाळला, आणि बोलणे तिथेच अडले. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो याच कोंडीतून.

निपाणीकर :
वरील माहिती बरोबर आहे, तरीही ही तुलना मला जपून करावीशी वाटते. छिटमहलांत भाषेचा वाद नव्हता. सीमेच्या दोन्ही बाजूंना बंगालीच बोलली जात होती. जमीन कोणत्या देशात जाईल हे दोन सरकारांनी ठरवले आणि रहिवाशांना फक्त नागरिकत्व निवडण्याची मुभा दिली. बांगलादेशात गेलेल्या छिटमहलांतून ज्यांनी भारत निवडला त्यांना घरदार, शेत, पूर्वजांच्या थडग्यांची आणि देवळांची जागा सोडून यावे लागले, आणि दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबाडी येथील तात्पुरत्या छावण्यांत राहावे लागले. आपली मागणी याहून वेगळी आहे : माणसाने गाव सोडावे असे नव्हे, तर गावाने आहे त्या जागी राहून राज्य निवडावे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा ही महाराष्ट्राची चार तत्त्वे नेमके हेच सांगतात. महाजन आयोगापुढे महाराष्ट्राने ८१४ गावे मागितली. आयोगाने निपाणी, खानापूरसह २६४ गावे देण्याची शिफारस केली आणि बेळगाव शहर कर्नाटकात ठेवले. अहवाल जसाच्या तसा लागू झाला असता तर तुमचे गाव आणि माझे गाव आज महाराष्ट्रात असते, पण बेळगावचे आपले सोयरे तिकडेच राहिले असते. हा अहवाल मान्य करावा असे मी म्हणूच शकत नाही, मात्र हे लिहिताना माझा हात अडखळतो, हे मी लपवत नाही.

खानापूरकर :
दोघांचेही मनापासून आभार. छिटमहलांतील माणसांना निदान एकदा, नावानिशी विचारले गेले, याच गोष्टीने मी तिकडे ओढला गेलो होतो, हे आता ध्यानात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत आमचा भाग तिकडे गेला, तेव्हा आजोबांना कोणी विचारले नव्हते. दाव्यात लोकेच्छेचा मुद्दा नेमका कसा मांडला आहे, हे कोणी सविस्तर सांगू शकेल काय?