मदत हवी आहे: टॉवरमध्ये आल्यापासून घरखर्च हाताबाहेर गेलाय

मैत्रिणींनो, लालबागची आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि आता त्याच जागी टॉवरमध्ये राहतोय, ह्यांचा पगार तोच पण महिनाअखेरीस हातात काहीच उरत नाही. मेंटेनन्स, लाईटबिल तर आहेच, ते काय टळत नाही. खरा घोळ बारीकसारीक खर्चाचा. आधी वाण्याकडे महिन्याची यादी टाकायची, वहीत सगळं दिसायचं, आता कोथिंबीर संपली की अ‍ॅप उघडायचं, मग फ्री डिलिव्हरीसाठी अजून चिप्स, बिस्किटं टाकायची आणि दहा मिनिटांत पिशवी दारात. त्यात वरच्या मजल्यावर कोणी एअर फ्रायर घेतला की आमच्याकडे विषय निघालाच (सासूबाईंना पण हवाय!).

लाडकी बहीणचे १५०० मी भिशीला लावते, त्याला हात लावत नाही. बाकी सगळं यूपीआयने जातं, कळतच नाही. जाऊबाई म्हणतात यूपीआय लाईट वापर, त्यात ५००० च्या वर ठेवताच येत नाहीत, तेवढ्यात भाजी-दूध भागव. कोणी करतंय का असं? की पाकिटात रोख ठेवणंच बरं? आणि मुलांच्या बर्थडेच्या रिटर्न गिफ्टला किती धरता तेही सांगा, इथे फारच चढाओढ आहे.