शब्दचर्चा : लवचीक तुळईचे ‘कंपन’ की ‘दोलन’?

प्रश्न : हबल या अवकाश दुर्बिणीवरील लेखात मी तिच्या सौरपंखांचे (उन्हापासून वीज बनवणाऱ्या पटलांचे) ‘कंपन’ असे लिहिले. एका वाचकाने आक्षेप घेतला, की पंखांची एक फेरी सुमारे दहा सेकंदांची असेल, तर त्याला कंपन कसे म्हणावे? ‘दोलन’ योग्य ठरेल का?

उत्तर : आक्षेप कानाला पटणारा आहे, कारण आपल्या बोलण्यात थंडीने अंग कापते, पीक वाऱ्यावर डोलते आणि झोपाळा झुलतो, वेग बदलला की क्रियापदही बदलते. शास्त्रीय परिभाषेत मात्र निकष वेगाचा नसावा, असे माझे मत आहे. लंबक दोलन करतो, तेव्हा त्याचा आकार बदलत नाही. पण एका टोकाशी पक्की बसवलेली तुळई हलते, तेव्हा तिचा प्रत्येक बिंदू वेगवेगळ्या अंतराने सरकतो आणि तिचा आकारच वाकत राहतो. १९९० साली सोडलेली हबल पृथ्वीच्या सावलीतून उन्हात येई किंवा उन्हातून सावलीत जाई, तेव्हा पंखांना ताणून धरणाऱ्या पातळ पोलादी दांड्या असमान तापून वाकत आणि पंख हलू लागत. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ते पंख बदलले. या हालचालीचे गणित तुळईच्या वाकण्याचेच असल्यामुळे तिला ‘कंपन’च म्हणावे. वर्णनाच्या ओघात ‘पंख डोलू लागले’ हे वाक्य मात्र निर्दोष आहे आणि मला तर ते फार आवडते.

उपप्रश्न : ‘लवचीक’ऐवजी ‘स्थितिस्थापक’ चालेल का?

उत्तर : चालणार नाही. टेबलाच्या कडेवर पोलादी पट्टी घट्ट दाबून तिचे मोकळे टोक छेडून पाहावे. ती सहज वाकते, हा लवचीकपणा. ती मूळ जागी परतते, ही स्थितिस्थापकता. पहिला गुण लांबी आणि जाडीवरही अवलंबून असतो, दुसरा पदार्थाचा असतो. मोकळी लांबी निम्मी केली, की वारंवारता चौपट होते आणि पट्टीचा स्वर चढतो. पोलाद तेच, तरी पट्टी कमी लवचीक झालेली असते.

पुरवणी : ‘डॅम्पिंग’साठी, म्हणजे ऊर्जा खर्ची पडून हालचाल मंदावण्यासाठी, कोणी ‘शमन’ सुचवतात, पण त्यात शांत करण्याचा शुभ अर्थ आहे. १९५८ च्या ‘एक्सप्लोरर १’ उपग्रहाला लांब अक्षाभोवती फिरत ठेवले होते. त्याच्या चार लवचीक अँटेनांच्या वाकण्यात ऊर्जा खर्ची पडत गेली आणि उपग्रह त्या अक्षावरून ढळून आडवा गरगरू लागला. तिथे ऊर्जेच्या ऱ्हासानेच स्थैर्य घालवले, म्हणून ‘अवमंदन’ हा तटस्थ शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो.